गैरहजर पुत्र मंडळाची हृदयतपासणी

निसर्गाने हृदय छातीत ठेवलं, मेंदू डोक्यात ठेवला आणि दोघांच्या मधे मान नावाची अरुंद गल्ली ठेवली. दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसू नये हाच त्यामागचा हेतू असणार, असं पुष्कळ शतकं मानलं जात होतं. शास्त्राने आता हा गैरसमज दूर केला आहे. ज्याचं हृदय ठणठणीत त्याची बुद्धी तल्लख, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या तुंबल्या त्याच्या आठवणीही हळूहळू तुंबतात. हे बाकीच्यांना लागू पडतं हे कळल्यावर स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही लागू पडतं का, हे पाहण्यासाठी (विचारल्याशिवाय कुणालाही गृहीत धरू नये) एक विद्यापीठ मार्च महिन्यात दक्षिण ब्राँक्समध्ये अवतरलं आणि थेट 'क्वेब्रादा ओंदाचे गैरहजर पुत्र' या मंडळाच्या दारात येऊन उभं राहिलं.

हे मंडळ म्हणजे पोर्तो रिकोमधल्या क्वेब्रादा ओंदा नावाच्या डोंगरी वस्तीतून न्यूयॉर्कला आलेल्या लोकांची संस्था. गावात गैरहजर असणं ही सभासदत्वाची एकमेव अट. मंडळात मात्र हजेरी कडक. सभासद तेवीस, टेबलं चार, पंखा एक. पंख्याचं तोंड कायम टेबल क्रमांक एककडे, आणि त्याच्या वाऱ्यात येणाऱ्या खुर्चीवर एकतीस वर्षं डॉन (हा तिकडचा 'राव'; बाईला 'डोन्या') तोरिबियो माइसोनेत बसत आले होते. समोरच्या खुर्चीवर त्यांचा जोडीदार चागो. तोरिबियोंच्या थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला चागोने धर्मपिता म्हणून त्याला मांडीवर घेतलं, त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत, आणि त्या दिवसापासूनच एकमेकांच्या डोमिनोतल्या चुका काढत.

डोमिनोबद्दल सांगायचं तर तो खेळ नाही. चार माणसं, दोन-दोन आकड्यांच्या अठ्ठावीस सोंगट्या, प्रत्येकाच्या हातात सात. साखळीच्या टोकाच्या आकड्याला सोंगटी लागली तर लावायची, नाही लागली तर टेबल ठोकून पुढच्याला वाट द्यायची. ज्याचा हात आधी रिकामा झाला तो उठला, डाव त्याच्या जोडीचा, आणि बाकीच्यांच्या हातात उरलेले ठिपके त्यांचे गुण. कुणी काय लावलं आणि कुणी कशावर ठोकलं हे ज्याच्या लक्षात राहतं, त्याला तिसऱ्या फेरीत सगळ्यांचे हात उघडे दिसतात. तोरिबियोंना ते दिसत.

म्हणजे मागच्या ऑगस्टपर्यंत दिसत होते.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी शेजारच्या 'पाल्मा सोलाचे गैरहजर पुत्र' या मंडळाशी सामना होतो. हरणाऱ्याला बक्षीस मिळतं. (जिंकणाऱ्याला काहीच मिळत नाही, त्याला आनंद असतो.) बक्षीस म्हणजे प्लास्टरची पांढरी, किंचित तिरळी शेळी. ती हरलेल्या मंडळाने वर्षभर रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायची. मागच्या ऑगस्टमध्ये ऐन शेवटच्या डावात सहा-चार ही सोंगटी आधीच लागून गेली आहे हे तोरिबियो विसरले, तिची वाट पाहत बसले आणि शेळी घेऊन मंडळात परतले. 'ऊन होतं' असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सामना तळघरात झाला होता. त्यानंतर रोज मंडळात शिरताना शेळी त्यांच्याकडे एका डोळ्याने पाही आणि दुसऱ्या डोळ्याने बसथांब्याकडे. तोरिबियोंच्या मनात मात्र एकच प्रश्न घर करून बसला होता: ती एक सोंगटी होती, की सुरुवात होती?

अशा परिस्थितीत विद्यापीठाने पाठवलेली परिचारिका यारित्सा, जी याच गल्लीत लहानाची मोठी झाली होती, रक्तदाबाचा पट्टा घेऊन टेबल क्रमांक एकपाशी आली.

"डॉन तोरिबियो, पाच शब्द सांगते. नीट ऐका, थोड्या वेळाने परत विचारीन. घंटा, चादर, नदी, लिंबू, खुर्ची."

"पोरी, मी अठ्ठावीस सोंगट्या लक्षात ठेवतो. पाच शब्दांनी माझं काय होणार?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. मग हृदयाची तपासणी झाली. तिच्यात सात विषय, प्रत्येकी दोन गुण, एकूण चौदा. तंबाखू: रविवारी एक चिरूट. (इतर दिवशी दोन, पण प्रश्न रविवारी विचारला गेला.) चालणं: घर ते मंडळ एकशे दहा पावलं, परतताना त्याहून कमी, कारण उतार. आहार: तळलेला. वजन काट्याने सांगितलं आणि यारित्साने पुन्हा विचारलं नाही. रक्तदाब पाहून तिने पट्टा बिघडला असेल म्हणून दुसरा लावला, तोही तसाच बिघडलेला निघाला. साखर मात्र उत्तम. ती सगळी कॉफीतच राहिली होती. चरबीला दयेचा एक गुण. बेरीज तीन.

"आता ते पाच शब्द?"

"घंटा. चादर. नदी. लिंबू." तोरिबियो थांबले. पंख्याकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. हातांनी खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. "पाचवा तू सांगितलाच नाहीस."

नियमाप्रमाणे जवळच्या माणसालाही विचारावं लागतं. जवळची म्हणजे त्यांची बायको डोन्या एदुविहिस. ती अगदीच जवळ होती, कारण गेली एकतीस वर्षं ती त्या खुर्चीच्या मागेच उभी होती.

"डोन्या, दहा वर्षांपूर्वीपेक्षा हे आता जास्त विसरतात का?"

"लग्नाचा वाढदिवस तेव्हाही विसरायचा, आताही विसरतो. भर काही पडलेली नाही."

खुर्चीमागे उभं राहणाऱ्यांसाठी या लोकांत एक जुना नियम आहे: बघे लाकडाचे. बघ्याने पाहावं, पण हूं नाही की चूं नाही. भुवईसुद्धा हलवू नये. एकतीस वर्षांत डोन्या एदुविहिसची भुवई एकदाही हललेली नव्हती. मधेमधे ती कॉफी आणी, बशी भरी, सांडलेलं पुसे आणि परत लाकूड होई. तिचीही तपासणी झाली. चौदापैकी बारा.

"बारा? डोन्या, व्यायाम काय करता हो तुम्ही?"

"कसला व्यायाम? मला बसायला जागाच नव्हती, पोरी."

दोन गुण रक्तदाबात गेले. कारण विचारल्यावर तिने नुसतं तोरिबियोंकडे पाहिलं. यारित्साने रकान्यात लिहिलं: कौटुंबिक. पाच शब्द एदुविहिसने कुणी विचारायच्या आधीच क्रमाने म्हणून दाखवले आणि रिकामे कप उचलून आत गेली.

इथपर्यंत सगळं शास्त्राच्या हातात होतं. पुढचं मंडळाचे अध्यक्ष एउस्ताकियो पाबोन यांच्या हातात गेलं. पाबोन एके काळी टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करत. जगात प्रत्येक गोष्टीला एक खण असतो आणि ती दुसऱ्या खणात पडली की अनर्थ होतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांनी विद्यापीठाचं पत्रक दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि गुरुवारी खास सभा बोलावली. त्या सभेत मंजूर झालेला ठराव क्रमांक एकतीस येणेप्रमाणे:

'ज्याअर्थी हृदय चांगलं तर मेंदू चांगला, हे सिद्ध झालं आहे. आणि ज्याअर्थी मेंदू चांगला तर डोमिनो चांगला, हे शेळीकडे पाहून सर्वांस मान्य आहे. त्याअर्थी मेंदू व डोमिनो या मधल्या पायऱ्या गाळून ऑगस्टच्या सामन्यासाठी जोडी केवळ हृदयाच्या गुणांवरून निवडण्यात यावी. हृदयाचे विषय सात आणि हातातल्या सोंगट्याही सात, यास योगायोग म्हणणाऱ्या सभासदाने तसं लेखी द्यावं.'

लेखी कुणीच दिलं नाही.

"एउस्ताकियो, खुळा झालास का तू?" तोरिबियो उठून उभे राहिले. (चालण्याच्या रकान्यात याची नोंद घेण्यात आली नाही.) "उद्या गायकवृंदात माणसं घेताना गुडघे तपासशील!"

"चांगली सूचना आहे," पाबोन म्हणाले आणि वहीत लिहून घेतली.

"कोंपाद्रे, खाली बसा," चागो म्हणाला. त्याला दोन गुण होते. "तीन गुणांचा माणूस तुम्ही, हृदयाला झेपेल तेवढंच बोला."

यादी खिडकीत शेळीशेजारी लावली गेली. पहिला आला आन्सेल्मो बिदोत, चौदापैकी चौदा. हा गल्लीचा पोस्टमन. रोज अकरा मैल चालतो, पाणी पितो, भाजी उकडून खातो, आणि हे सगळं कुणी सांगितलेलं नसताना. त्याच्यात एकच उणीव होती: त्याला डोमिनो येत नव्हता. मंडळात तो पाय सोडून बसायला येई, आणि सोंगट्यांचा आवाज ऐकून त्याला छान झोप लागे. ही उणीव मधल्या पायऱ्यांत मोडत असल्याने ठरावानुसार गाळण्यात आली. दुसऱ्या क्रमांकावर डोन्या एदुविहिस.

"पण ती पुत्र नाही!" तोरिबियो ओरडले.

"ठरावात हृदय लिहिलंय. पुत्र लिहिलेलं नाही," पाबोन म्हणाले. ठराव त्यांनीच लिहिला होता, तरी त्यांनी तो पुन्हा तपासला.

एक ऑगस्टपर्यंत गुण वाढवायची मुभा होती. तोरिबियोंनी कंबर कसली, म्हणजे पट्टा एक भोक आत घेतला. चिरूट फक्त रविवारवर आला, आणि या वेळी खरोखर. सकाळी ओट्सची पेज आली. ती भांड्यातून त्यांच्याकडे शेळीसारखीच पाही. रोज संध्याकाळी ते दोन मैल चालू लागले. या रस्त्याच्या एका टोकाला एक बेकरी आणि दुसऱ्या टोकाला दुसरी हा दोष नगररचनाकाराचा होता. पाच महिन्यांत तीनाचे सहा झाले. घरात ते एदुविहिसशी ठरावाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त एकदा, दिवा मालवताना, पुटपुटले, "मागच्या वर्षी ती सहा-चार..."

"चौथ्या फेरीत लागली होती," अंधारातून एदुविहिस म्हणाली. "चागोने लावली."

तोरिबियो बराच वेळ जागे होते. सोंगटी विसरल्याचं दुःख होतंच. पण लाकूड मोजत होतं हे त्यांना नव्याने कळलं होतं.

ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. सामना या वर्षी आपल्याच मंडळात. पंख्याच्या वाऱ्यातल्या खुर्चीवर एदुविहिस, समोर आन्सेल्मो. पाल्मा सोलाचा म्होरक्या सोतेरो, चाळीस वर्षं मुरलेला खेळाडू, एदुविहिसच्या एका हाताला, आणि दुसऱ्या हाताला त्याचा भाऊ. खुर्चीच्या मागे, ठरावीक जागी, डॉन तोरिबियो. लाकूड. एकाच ठिकाणी सगळे सापडतील म्हणून विद्यापीठानेही दुसरी तपासणी त्याच दिवशी ठेवली होती, त्यामुळे यारित्साने त्यांच्या दंडाला पट्टा बांधून ठेवला होता.

"शब्द तेच आहेत, डॉन. घंटा, चादर, नदी, लिंबू, खुर्ची. मग विचारते."

सामना दोनशे गुणांचा. आन्सेल्मोने पहिली सोंगटी लावली आणि तोरिबियोंच्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. दुसरी लावली तेव्हा चागोने तोंडात रुमाल कोंबला. असा खेळ या गल्लीत कुणी पाहिलेला नव्हता. त्याला ना शेंडा, ना बुडखा. जोडीदाराला जे हवं ते तो अडवी, जे अडवायचं ते मोकळं सोडी, आणि प्रत्येक सोंगटी लावण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून काहीतरी आठवी.

आश्चर्य एवढंच, की सोतेरोही घामाघूम झाला होता. चाळीस वर्षं तो समोरच्याचा डाव ओळखून खेळत आला होता. इथे ओळखायला डावच नव्हता. आणि एदुविहिस मात्र शांतपणे, भुवई न हलवता, आन्सेल्मोच्या प्रत्येक अचाट सोंगटीनंतर नेमकी हवी ती सोंगटी लावत होती. त्याचे पत्ते जणू तिच्याच हातात होते. एकशे सत्तर विरुद्ध एकशे पंच्याहत्तर. पाल्मा सोला पाचने पुढे. शेवटचा डाव.

साखळीच्या एका टोकाला पाच, दुसऱ्याला दोन. एदुविहिसच्या हातात एकच सोंगटी: पाच-तीन. मागे उभ्या तोरिबियोंनी हिशेब मांडला आणि त्यांच्या लक्षात आलं, की त्यांना सगळं दिसतंय. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. सोतेरोकडे एक-चार उरली आहे. आता पाळी आन्सेल्मोची, आणि त्याच्याकडे दोन आहेत: पाच-एक आणि दोन-तीन. आन्सेल्मोने पाच-एक लावली, तर सोतेरो एकावर एक-चार टेकवून उठेल आणि शेळी इथेच राहील. दोन-तीन लावली, तर सोतेरोला ठोकावं लागेल, आणि एदुविहिसची पाच-तीन दोन्ही टोकांना बसेल. कशी दिसली ती अठ्ठावीस? उभं राहून. एकही न विसरता. ती सुरुवात नव्हती. ती एक सोंगटीच होती. हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि लाकूड असल्याचं आठवून मिटलं.

"डॉन," यारित्सा हळूच म्हणाली, "ते शब्द?"

"खुर्ची."

"आणि?"

"खुर्ची, पोरी. खुर्ची!"

तिने लिहिलं: पाचपैकी एक. पट्ट्याने एकशे अठ्ठ्याऐंशी दाखवले.

आन्सेल्मोने डोळे मिटले. त्याचा हात पाच-एककडे गेला. तिथे थांबला. अंगावर काटा आल्यासारखा मागे आला. मग त्याने दोन-तीन उचलली आणि लावली.

सोतेरोने टेबल ठोकलं. एदुविहिसने पाच-तीन अशी आपटली, की खिडकीतली शेळी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागली. दोन्ही टोकांना बसणारी शेवटची सोंगटी: याला हे लोक 'कापिकू' म्हणतात, तिचे वर पंचवीस गुण मिळतात, आणि ती लागली की ओळखदेख नसलेली माणसंही एकमेकांना मिठ्या मारतात. पाबोननी विद्यापीठाला मिठी मारली.

"आन्सेल्मो," चागो रुमाल काढून ओरडला, "पाच-एक का नाही लावलीस रे बाबा?"

"एक्कावन्न नंबरला कुत्रा आहे," आन्सेल्मो म्हणाला. "तिथे मी सगळ्यात शेवटी जातो."

सोतेरोने टेबलावरची साखळी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"आणि तेवीस नंबरची आजी सरबत देते. तिथे आधी. मला खेळ येत नाही हो. मी आपली घरं घेत होतो."

सगळ्यांनी एदुविहिसकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "बहिणीच्या पत्रासाठी एकोणीस वर्षं खिडकीतून याची वाट पाहते मी. कुठल्या घरानंतर कुठल्या घरी जातो हे मला माहीत नसेल तर कुणाला? त्याने पहिलीच सोंगटी लावली तेव्हा कळलं, हा टपाल वाटतोय."

अध्यक्ष पाबोन यांनी हे सर्व सविस्तर ऐकून घेतलं आणि इतिवृत्तात नोंद केली: 'ठराव क्रमांक एकतीस प्रयोगाने सिद्ध. हृदय, बुद्धी व डोमिनो यांचा थेट संबंध आढळला. (कुत्र्याचा संबंध आढळला नाही.)'

पुढचे काही महिने मंडळाच्या इतिहासात सुखाचे गेले. खिडकीत शेळी नव्हती. खुर्ची एदुविहिसची झाली, पंखा तिचा झाला. विजेत्याला उभं राहू देणं बरं दिसत नाही, म्हणून तिला जागेवरच सगळं मिळू लागलं: केळ्याचे तळलेले काप, डुकराची कुरकुरीत चामडी, तीन चमचे साखरेची कॉफी. आणून देण्याचं काम तोरिबियोंकडे आलं. सुरुवातीला त्यांच्या हातून बशीत निम्मी कॉफी सांडे. मग ती पुसण्यासाठी खाली वाकावं लागे. वाकून परत उभं राहावं लागे. ओट्सची पेज घरात एकच माणूस खात असल्याने भांडं तेच घासत. दर गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी ते चार-चार तास खुर्चीमागे लाकूड होऊन उभे राहत, आणि मनातल्या मनात मोजत.

पुढल्या मार्चमध्ये यारित्सा पट्टा घेऊन परत आली. डोन्या एदुविहिस, चौदापैकी आठ. डॉन तोरिबियो, अकरा.

"डोन्या, शब्द?"

"घंटा. चादर. नदी. लिंबू." एदुविहिस थांबली. पंख्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. "चारच होते ना?"

मागून कुणीतरी हलकेच पाचवा शब्द पुटपुटलं. लाकडाने.

ठरावाप्रमाणे खुर्ची तोरिबियोंची झाली. एदुविहिस उठली, पदर नसल्याने एप्रनने खुर्ची पुसली, आणि म्हणाली, "बस, म्हाताऱ्या. परत तीनावर ये."

तोरिबियोंनी खुर्चीकडे पाहिलं. याच क्षणासाठी त्यांनी वर्षभर पेज खाल्ली होती. ते बसले. पंखा गार लागला. समोरून चागोने सोंगट्या पालथ्या घातल्या.

"एक अट आहे," तोरिबियो मागे न वळता म्हणाले. "मागे उभं राहून गप्प राहायचं नाही."

"आणि बघे लाकडाचे?" चागो म्हणाला.

"ही लाकूड नाही. एकतीस वर्षं माझीच चूक झाली."

"एकतीस नाही," एदुविहिस म्हणाली. "बत्तीस. आणि चूक एक नाही. लिहून आणू?"

पाबोननी ताबडतोब ठराव मांडला, की बायकोला खोकण्याची परवानगी असावी. एकदा खोकली तर 'लाव', दोनदा खोकली तर 'थांब'. तो बहुमताने मंजूर झाला. त्या संध्याकाळी एदुविहिस इतकी खोकली, की यारित्साने फुप्फुसाचा रकाना उघडला.

विद्यापीठाचा अहवाल अजून यायचा आहे. मंडळाने मात्र आपला निष्कर्ष काढून मोकळं होण्याची घाई केली: हृदय आणि मेंदू या दोघांनाही सर्वांत घातक वस्तू म्हणजे खुर्ची, आणि सर्वांत पोषक वस्तू म्हणजे दुसऱ्याची खुर्ची.

तर आता आपल्याकडे. आपण हे वाचत असताना बसलेले आहात, हे उघड आहे. मधे कुठेतरी चहा आला असेल; तो आपण उठून आणला नसणार. यारित्साने सांगितलेले ते पाच शब्द कोणते? वर पाहायचं नाही. चार आले असतील तर आनंद आहे. पाचवा येत नसेल तर हात खाली नेऊन चाचपून पाहा. आणि तरीही नाही आला, तर चहा आणून दिला त्या व्यक्तीला विचारा. ती मघापासून मागे उभी राहून वाचते आहे, आणि तुमच्या एक पान पुढे आहे.